कुंकवाची पट्टी

"सर, हात नका लावू!" मी ओरडेपर्यंत आमच्या प्रयोगशाळेच्या संचालकांनी टायटॅनियमच्या पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलंही होतं. फोटोग्राफर खूश झाला.

ती पट्टी मी सकाळपासून हातमोजे घालून तीनदा पुसली होती. टायटॅनियम गंजत नाही, पण घासलं की झिजतं. म्हणून लेझरनं त्यावर कठीण धातूचा थर चढवायचा. त्या थराखाली बोटाचा तेलकट ठसासुद्धा चालत नाही. इथं तर हळद, कुंकू, अक्षता आणि वर साहेबांचा अंगठा! "शुभकार्य आहे, पुसू नका," त्यांनी बजावलं. थर चढला आणि संध्याकाळी पापडासारखा सुटून आला. चौकशी समितीनं ठपका माझ्यावर ठेवला: साफसफाईत हयगय. समितीचे अध्यक्ष अर्थात साहेबच. "पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा, शेटेबाई."

पुढच्या खेपेला मी खरी पट्टी कपाटात कुलूपबंद केली आणि पूजेला भंगारातली पुढे केली. साहेबांनी तिला यथासांग कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले आणि ते गेले. मग मी दार लावून खऱ्या पट्टीवर थर चढवला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्या थरावर छिन्नी-हातोड्यानं घाव घातले, तरी टवका उडाला नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "बघितलंत? मागच्या वेळी पूजा घाईत उरकली होती."

पूजेची पट्टी म्हणून ती भंगारातलीच आता काचेच्या पेटीत असते, खाली साहेबांचं नाव. दर गुरुवारी तिला कुंकू मात्र मलाच लावावं लागतं.