पहिल्या नळाचा मान

जीप दारात येऊन उभी राहिली तरी गिरिजाबाईचं पाऊल निघेना. सोनारीच्या काळभैरवाला जायची तिची फार दिवसांची इच्छा होती, पण मिरचीची रोपं एक दिवस जरी तहानलेली राहिली तरी माना टाकतात.

“रोपांना मी पाणी पाजतो की,” महारुद्र म्हणाला. “मोटरीच्या खोलीची किल्ली द्या अन् निवांत जावा, अक्का. उद्या गावातला पहिला नळ तुमच्या हातानं सुटायचा. आज देवाच्या कानावर घालून या.”

“जपून पाज बाबा. विहिरीत लई न्हाय आता. रोपं विकंपर्यंत पुरलं म्हंजी झालं.”

“मला म्हाईत न्हाय व्हय?”

महारुद्र गावातलाच, तिनं राखी बांधलेला भाऊ. तळ्यावरून गावात नळ आणायचा ठेका त्याचा. टाकीसाठी उंच जागा हवी होती, तेव्हा आपल्या विहिरीवरचा माळ तिनं फुकट दिला. नवरा गेल्यापासून रोपं विकूनच तिचं घर चालत होतं, आणि ऐन उन्हाळ्यात एका विहिरीवर घर, शेरडं आणि रोपं जगवताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. नळ आला की सुटलो, एवढंच तिला दिसत होतं. गरज सरो नि वैद्य मरो, असं वागणारे ठेकेदार पुष्कळ. महारुद्र त्यातला नव्हता. बहिणीसाठी त्यानं चक्क जीप आणली होती.

संध्याकाळी ती परतली. वाफे ओले होते. तिला बरं वाटलं. किल्ली महारुद्राकडंच राहिली होती; उद्या घेऊ, असं म्हणून तिनं घागरीतल्या पाण्याचा चहा टाकला.

शेजारच्या शिवलीलेनं एक घोट घेतला आणि नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. “विहिरीवरचा तो लिंब तोडा की, काकू. त्याचा मोहर पडून पडून पाणी कडू झालंय. साऱ्या गावात असलं पाणी कुणाचं न्हाय.”

“उद्यापासून तळ्याचं गोड पाणी पी, बाई.”

“व्हय, टाकी भरली म्हणं. दिवसभर मोटर चालू होती बघा.”

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं मांडव उभा राहिला. तालुक्याचे साहेब आले. नळाला हळदीकुंकू वाहून गिरिजाबाईनं तोटी फिरवली. आधी नुसती हवा फुसफुसली, मग पाणी धो धो आलं. टाळ्या पडल्या. पोरं नळाखाली घुसली. तोटी बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि पाणी तिच्या पायांवरून गटारात वाहत राहिलं.

महारुद्र सगळ्यांसमक्ष तिच्या पाया पडला. तिला भरून आलं. पाठचा भाऊसुद्धा एवढं करत नाही, असं तिला वाटलं.

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. त्यानं पेला भरून तिच्या हातात दिला आणि माईक तिच्यापुढं धरला.

“पहिला घोट अक्काचा. सांगा अक्का, कसं हाय तळ्याचं पाणी?”

गिरिजाबाईनं घोट घेतला. सारा गाव तिच्या तोंडाकडं बघत होता.

पाण्याला लिंबाच्या मोहराचा कडूपणा होता.