गाडीला वळण

बाबांचा गुडघा गेला, म्हणून वेल्डर मुलाने त्यांच्या मोटरसायकलला मागे दोन चाकं जोडून तिची तीनचाकी केली. पण गाडी काही वळेना. त्याने पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा कोन बदलला, फोर्क पुन्हा कापला, पुन्हा जोडला. हँडल एका बोटाने फिरेल इतकं हलकं झालं, तरी बाबा दरवेळी नाकासमोर जाऊन फाटकावर आदळायचे.

"तुला वळण लावलं मी, आणि तुला एका गाडीला वळण लावता येईना! विकून टाक. मी बसतो घरात."

मुलाच्या नाकी नऊ आले होते. "बाबा, झुकताय कशाला? ही दुचाकी नाही आता. नुसतं हँडल फिरवा!"

"जन्मभर झुकूनच वळवली. आता तू शिकव मला!"

शेवटी, आयुष्यात कधी सायकलही न चालवलेली आई वैतागून गाडीवर बसली आणि अंगणाला सुरेख चक्कर मारून परत आली.

बाबा बघतच राहिले. "तुला गं कसं जमलं?"



"अहो, या घरात झुकायची सवय तुम्हाला आहे. मला कुठे आहे?"