सनसेट पॉइंट

त्र्याऐंशी साली अंधेरीच्या टेकडीवर हॉटेल निघालं आणि समुद्र दिसावा म्हणून मालकाने गच्चीवर दुर्बीण बसवली. दिवेलागणीला सूर्यास्त बघायला पुरुषांची ही रांग! त्याच वेळी उतारावरच्या वस्तीतली एखादी बाई टमरेल घेऊन झुडपांकडे निघालेली दिसली, की त्यांच्या बायका नाकाला रुमाल लावायच्या. "शी! लाज कशी नाही वाटत गं यांना?"

त्याच वस्तीतली शकू तिथे कपबशा विसळायची. ऐकून तिची मान खाली जायची.

आज आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही, तरी रांग होतीच. गरम भजी आली तशी मंडळी आत पळाली, आणि शकूने दुर्बिणीला डोळा लावला.

समुद्र कुठला! झुडपाआड बसलेली तिची जाऊ, अगदी हातभर अंतरावर.

शकू काचेवर पचकन थुंकली.