किल स्विच

धरणातल्या शर्यतीसाठी सावेडीच्या हर्षलनं स्पीडबोट घेतली. बायको रोहिणी हटूनच बसली, म्हणून वैजनाथ मेकॅनिकनं बोटीला किल स्विच जोडला. त्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची. माणूस पाण्यात पडला की दोरी स्विचमधून निसटून इंजिन बंद.

शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असताना हर्षल काठावरच्या लोकांना हात करायला उभा राहिला आणि पाण्यात पडला. इंजिन त्याच क्षणी थांबलं. लाइफ जॅकेटच्या जोरावर हातपाय मारत तो बोटीला येऊन बिलगला, तेव्हा कुठे रोहिणीचा जीव भांड्यात पडला.

 

दुसऱ्या दिवशी शनिशिंगणापूरला तेल वाहून त्यानं वैजनाथला फोन लावला, "देवानं वाचवलं बघा मला. आता तेवढा तो स्विच काढून टाका, ऐन शर्यतीत बोट बंद पाडतो."