खुरप्याची मूठ

पापडी गावातल्या घराच्या मागल्या दारी आनंदीबाई आल्या, तर कुत्र्याचं नवं पिल्लू त्यांच्या खुरप्याची गुळगुळीत लाकडी मूठ कुरतडत बसलेलं. खुरपं तर वळचणीला खोचलेलं असायचं. त्यांनी वर पाहिलं. पातं तिथेच होतं; मूठ तेवढी उपटलेली. “याला कुणी दिली?” “मीच,” मुलगा परेश म्हणाला. “दात येतायत त्याला, आई. माझी ऑफिसची बॅग फाडत होतं.” “मग बॅगच द्यायचीस.” “ती रोज लागते. तुला डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय. खुरपं पडूनच होतं.” आनंदीबाईंनी पिल्लापुढे नारळाचं सोडण टाकलं, मूठ सोडवली आणि दगडावर ठोकून पात्याला बसवली. पिल्लाने बोट चावलं, तरी राग त्याच्यावर नव्हता. “त्याच्या हिरड्या शिवशिवतात, म्हणून त्याला मूठ दिलीस. माझे हात शिवशिवतात, त्यांना काय देणार होतास?” उत्तराला न थांबता त्या केळीच्या वाडीत उतरल्या.