काकूंची घाई

बेकरीत केक सजवणाऱ्या काकू जिममधल्या चरबी मोजायच्या मशीनवर अनवाणी उभ्या राहिल्या. दोन्ही दांड्या घट्ट धरून त्यांनी डोळेच मिटून घेतले. दिवसभर हात क्रीममध्ये असायचे, पण महिनाभरात त्यांनी बोटसुद्धा चाटलं नव्हतं.

"अहो काकू, चरबी थोडी उतरलीय, पण स्नायूही झडलेत की!" ट्रेनर मुलगी स्क्रीन बघून ओरडली. "उपाशी राहता की काय? चक्कर येऊन पडाल कुठेतरी."

"परवा पडलेच होते. ते जाऊ दे, अजून किती उतरवायला लागेल? उद्या परत मोजशील?"

"रोज मोजून काय होणार? एवढी घाई करायला घरात लग्नबिग्न आहे का कुणाचं? नीट जेवा, सावकाश व्यायाम करा. सहा महिन्यांत अशा व्हाल, की लेकीची बहीण शोभाल!"

काकू मशीनवरून उतरेचनात.



"सहा महिने माझी लेक काढणार नाही गं. माझ्या यकृतावरची चरबी उतरल्याशिवाय डॉक्टर त्याचा तुकडा तिला लावायला तयार नाहीत."