बाद झालेले विषय

टीव्हीवरच्या त्या प्रश्नांच्या खेळाचे नियम आणि प्रश्न एकतीस वर्षं नियमवाले काकाच लिहीत होते. त्यांची रीत एकच. जेवताना प्रश्न आधी काकूंना विचारायचे. उत्तर बरोबर की चूक हे मात्र घरी सांगायचं नाही, तोही नियमच. काका नुसतं "हं" म्हणत आणि पुढचा घास घेत. काकूंना एखादा विषय सगळाच्या सगळा आला, की तो सोपा म्हणून खेळातून बाद. अशा नद्या गेल्या, पक्षी गेले, राजे तर सैन्यासकट गेले. शेवटी विचारायला उरला एकच विषय, खुद्द तो खेळ.

काका निवृत्त झाले त्याच आठवड्यात काकूंनी नाव नोंदवलं. म्हणाल्या, "एकदा कळू दे तरी, मला काही येतं की नाही."

आज त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि पडद्याआड काकांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

निवेदिकेने विचारलं, "आपल्या खेळातून नद्या, पक्षी आणि राजे का वगळले?"

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "घरी मला विचारायचे हे. माझं सगळंच चुकत असणार, म्हणून."

चुकीची घंटा वाजायच्या आत काका पडदा सारून थेट मंचावर. "अहो, हिला सगळं यायचं म्हणून."

बाहेरच्याने उत्तर सांगितलं तर स्पर्धक बाद, हा नियमही काकांचाच. काकू उठल्या, पर्स काखोटीला मारली.

"एवढं घरी बोलला असतात, तर मी इथे आलेच कशाला असते?"